वाड्याला नवा खण

वारसा यादीत नोंदलेल्या जुन्या घराला नव्या बांधकामाची जोड द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जाण्याआधीच परस्पर निकालात निघालेला असतो. पुण्याच्या पेठांमध्ये अजून उभ्या असलेल्या एखाद्या राहत्या वाड्याच्या मागच्या बाजूला जाऊन पाहावे. माळवदावर पत्र्याची खोली चढलेली असते, सज्जाला लोखंडी जाळी ठोकून त्याचे स्वयंपाकघर झालेले असते, चौकाच्या एका कोपऱ्यात सिमेंटच्या ठोकळ्यांचा संडास उभा राहिलेला असतो आणि त्याचा करडा पीव्हीसी पाइप जुन्या सागवानी खांबाला तारेने आवळून खाली आणलेला असतो. यांपैकी एकाही गोष्टीचा नकाशा कोणी काढलेला नसतो आणि कोणत्याही समितीपुढे ती गेलेली नसते. म्हणजे विस्तार झालेलाच आहे, फक्त तो चोरून झाला आहे. नियमाला भिऊन थांबला तो एकटा, जो वास्तुविशारदाला बोलावून, नीट आराखडा करून, दोन पैसे जास्त खर्चून काही बांधू पाहत होता.

माझे म्हणणे असे आहे की यादीतील राहत्या घराला आजच्या काळाची, आजच्या साहित्यातली आणि आजची म्हणून ओळखू येणारी जोड देण्यास परवानगी असावी. तिच्यावर बंधने जरूर असावीत, पण ती जागेची, उंचीची, सांध्याची आणि उद्या ती जोड काढून टाकता येण्याच्या सोयीची असावीत. जुन्यासारखे दिसण्याची सक्ती त्यांत नसावी. उलट ज्या दोन गोष्टींकडे आज सहज डोळेझाक होते, म्हणजे जुन्याची खोटी नक्कल आणि जुनी भिंत पुढे ठेवून तिच्यामागे उभारलेला मनोरा, त्यांना कडक हरकत घेतली जावी.

या भूमिकेला कायदा आड येतो, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत १९९५ साली वारसा वास्तूंसाठी ६७ क्रमांकाचा नियम लागू झाला. त्यात वास्तूंच्या तीन श्रेणी पाडल्या आणि दुसरीचे पुन्हा अ आणि ब असे दोन भाग केले. पहिल्या श्रेणीतील वास्तूला मजबुतीसाठी अत्यावश्यक असेल त्यापलीकडे हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीच्या अ भागात आतले बदल आणि नवा वापर चालतो, तर ब भागात काही परिस्थितींत त्याच आवारात विस्तार किंवा जादा इमारतही चालू शकते. तिसऱ्या श्रेणीत तर असा विस्तार सर्वसाधारणपणे मान्यच केलेला आहे. अट एवढीच की नवे बांधकाम मूळ वास्तूशी सुसंवादी असावे आणि तिला उणेपणा आणणारे नसावे. ब भागासाठी उंची आणि दर्शनी भाग यांचा खास उल्लेख आहे. राज्यातील इतर शहरांच्या नियमांतही श्रेणींची ही चौकट कमी-अधिक फरकाने आलेली आहे. सामान्य माणसाची राहती घरे, चाळी, बंगले आणि वाडे बहुधा या दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणींतच असतात. तेव्हा विस्ताराला नियमाची ना नाही. सारा घोळ आहे तो ‘सुसंवाद’ या एका शब्दाच्या अर्थाचा.

सुसंवाद म्हणजे सारखेपणा, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. संगीत ऐकणाऱ्या समाजात असे व्हावे याचे मला नवल वाटते, कारण वादी आणि संवादी हे स्वर एक नसतात हे आपल्याला शाळकरी वयापासून ठाऊक असते. यमन रागात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर आहे आणि निषाद संवादी, म्हणजे त्याला साथ देणारा. निषादाने गंधाराची नक्कल केली तर यमन उरणारच नाही. दोघांमध्ये अंतर आहे, ते ठरलेले आहे आणि त्या अंतरामुळेच ते एकमेकांना साथ देतात. इमारतींच्या बाबतीत मात्र आपण अंतर म्हटले की विसंवाद समजतो. मग एखाद्या जुन्या वाड्याच्या मागे आरसीसीचा सांगाडा उभा राहतो आणि त्याला फायबरचे केळफूल, सिमेंटमध्ये ओतलेले सुरूचे खांब आणि तपकिरी रंगाने रंगवलेल्या लोखंडी ‘तुळया’ चिकटवल्या जातात. पेशवाईतल्या सुताराने सुरूच्या झाडाचा आकार खांबाला दिला, तेव्हा तो खांब छताचे वजन पेलत होता आणि केळफुलाचे नक्षीकाम खरोखरीच्या लाकडी नाटेतून कोरून निघत होते. फायबरचे केळफूल कशालाच धरून नसते, त्याला मागून दोन स्क्रू मारलेले असतात. दहा वर्षांनी त्याचा रंग उडतो आणि शेजारचा खरा खांबही त्याच्या संगतीने खोटा दिसू लागतो. नकलेचे हे नुकसान मला काचेच्या एखाद्या साध्या खोलीपेक्षा कितीतरी मोठे वाटते, कारण खरे कोणते आणि खोटे कोणते हे ओळखण्याची पाहणाऱ्याची नजरच त्यात मरते.

वाडा हा प्रकार मुळातच वाढत जाणारा आहे, हेही या वादात विसरले जाते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घराचे माप खणांत सांगायचे आणि ऐपत वाढली, मुलांची लग्ने झाली, कारभार वाढला की खण वाढवायचे, खण पुरेनासे झाले की आणखी एक चौक बांधायचा, ही त्याची रीत होती. पुढच्या चौकात कचेरी आणि पाहुण्यांची ऊठबस, आतल्या चौकात माजघर आणि देवघर, त्याच्याही मागे कोठारे, गोठा आणि परसू अशी रचना एका दिवसात एका हाताने झालेली क्वचितच असते. वाटण्या झाल्या की मधे भिंत आली, धाकट्या पातीने वेगळा जिना काढला. इंग्रजी अमदानीत देशी नळीच्या कौलांच्या जागी मंगलोरी कौले आली, ओतीव लोखंडाचे कठडे आले, खिडक्यांना रंगीत काचा आल्या. आज आपण ज्याला जुने आणि जपण्यासारखे म्हणतो त्यात अशा तीन-चार काळांचे थर असतात, आणि त्या त्या काळी आलेली नवी गोष्ट आपले नवेपण लपवत नव्हती. मंगलोरी कौल नळीच्या कौलाचे सोंग घेऊन आले नव्हते.

विश्रामबाग वाड्याचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावाने तो राहण्यासाठी बांधून घेतला. पेशवाई गेल्यावर १८२१ साली त्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ सालच्या आगीत त्याचा बराच भाग जळाला आणि पुढे त्याची पुन्हा उभारणी झाली. नंतर काही दशके त्यात पुण्याच्या नगरपालिकेचा कारभार चालला. गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ साली घेतला आणि तो केसरी वाडा झाला. राहते घर, वृत्तपत्राची कचेरी आणि छापखाना एका आवारात नांदू लागले. या वास्तू टिकल्या त्या कोणी त्यांना काचेच्या पेटीत ठेवले म्हणून टिकल्या नाहीत. त्यांना प्रत्येक पिढीत काही ना काही काम होते, आणि काम असणाऱ्या इमारतीचे छप्पर कोणीतरी वेळेवर शाकारते.

जगभरच्या संवर्धन व्यवहारात याविषयी एक तत्त्व बरेच आधी मांडले गेले. १९६४ च्या व्हेनिस सनदेने म्हटले की जुन्या वास्तूवर जे अपरिहार्य नवे काम करावे लागेल ते मूळ रचनेपासून वेगळे ओळखू यावे आणि त्यावर आपल्या काळाची खूण असावी. विस्ताराबाबत तिने घातलेली अट अशी की मूळ इमारतीचे लक्षणीय भाग, तिचा परिसर, तिच्या रचनेचा तोल आणि भोवतालाशी असलेले तिचे नाते यांना बाधा येता कामा नये. या सनदेवर आपल्याकडून एक गंभीर आक्षेप घेतला गेला आहे आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. वारसा जपण्याचे काम करणाऱ्या ‘इन्टॅक’ या भारतीय संस्थेने २००४ साली भारतासाठी वेगळी सनद केली. तिचा रोख असा की आपल्याकडे जीर्णोद्धाराची परंपरा जिवंत आहे. स्थपती, सुतार आणि पाथरवट जुन्याच पद्धतीने आजही नवे घडवू शकतात. आणि युरोपात परंपरा तुटली म्हणून तिथे जुने आणि नवे यांच्यात रेघ ओढावी लागली, ती इथे आंधळेपणाने ओढण्याचे कारण नाही.

हा मुद्दा मला निम्मा पटतो. ज्या सुताराने आपल्या वडिलांकडून सागाचे सांधे शिकले, त्याने कुजलेल्या खांबाच्या जागी तसाच खांब घडवला तर त्याला कोणी खोटा म्हणू नये. ती परंपरेची सलग चाललेली कृती आहे. त्याने त्याच रीतीने, त्याच लाकडात, तोच भार वाहणारा एक नवा खण जोडला तरी माझी हरकत नाही. मात्र हा आक्षेप पुढे करून प्रत्यक्षात जे बांधले जाते त्यात बहुतेक वेळा सुतार कुठेच नसतो. ठेकेदार असतो, साचे असतात आणि वर लाकडी रंगाचा हात असतो. जीर्णोद्धाराच्या परंपरेचे नाव घेऊन साच्यातून काढलेला खांब खपवणे ही त्या परंपरेचीच थट्टा आहे. तेव्हा कसोटी दिसण्याची नसून घडण्याची असावी. जे हाताने आणि त्याच शास्त्राने घडते ते जुन्या वळणाचे खुशाल असो. जे आरसीसी, पोलाद आणि काच यांत घडते त्याने आपण आरसीसी, पोलाद आणि काच आहोत हे कबूल करावे.

बाहेरची दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतील. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या विस्ताराचा एक आधुनिक आराखडा तयार झाला होता, त्यावर १९८४ साली तेव्हाच्या युवराज चार्ल्स यांनी भर सभेत टीका केली की हा म्हणजे एका लाडक्या आणि देखण्या मित्राच्या चेहऱ्यावर उठलेली भयंकर काळपुळी आहे. तो आराखडा बारगळला. त्याच्या जागी रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन या वास्तुविशारदांनी केलेला विस्तार १९९१ साली उघडला. त्यात जुन्या इमारतीचे अर्धस्तंभ नव्या भिंतीवर घेतले आहेत, पण ते कोपऱ्याशी दाटीवाटीने येतात आणि जुन्यापासून दूर जाता जाता विरळ होत नाहीसे होतात. पाहणाऱ्याला ही नक्कल नाही, नकलेविषयीची टिप्पणी आहे, हे लगेच कळते. गंमत अशी की २०१८ साली हा विस्तार स्वतःच ब्रिटनच्या यादीत पहिल्या श्रेणीत नोंदला गेला, आणि पुढे त्याच्यात बदल करायची वेळ आली तेव्हा त्या बदलांवरूनही वाद झाला. काळपुळी कोणती आणि चेहरा कोणता, हे ठरायला पस्तीस वर्षेही पुरत नाहीत.

दुसरे उदाहरण घराचे आहे आणि ते मला अधिक जवळचे वाटते. इंग्लंडमधील वॉरिकशर परगण्यात ॲस्टली कॅसल नावाचा एक जुना गढीवजा वाडा १९७८ साली आगीत जळाला आणि कित्येक वर्षे भग्नावस्थेत पडून राहिला. जुन्या वास्तू वाचवणाऱ्या लँडमार्क ट्रस्ट या संस्थेने तो घेतला तेव्हा जुने जसेच्या तसे उभारायचे नाही, असे ठरले. उरलेल्या दगडी भिंतींच्या कवचात नव्या विटांचे आणि लाकडाचे घर बसवले गेले. नवी वीट जुन्या दगडाला टेकून त्याला आधार देते, जिथे छप्पर गेले होते तिथल्या काही खोल्या उघड्याच ठेवल्या आहेत, आणि कुठे सोळावे शतक संपते आणि कुठे एकविसावे सुरू होते हे लहान मुलालाही बोटाने दाखवता येते. २०१३ साली ब्रिटनमधला वास्तुकलेचा स्टर्लिंग पुरस्कार या कामाला मिळाला. आपल्या पेठांत जळालेल्या किंवा अर्ध्या पडलेल्या वाड्यांची वानवा नाही. अशा वाड्यापुढे आपल्याला दोनच वाटा दिसतात: पाडून सहा मजली इमारत, किंवा निधी मिळेपर्यंत पावसात भिजत ठेवणे. तिसरी वाट आहे आणि ती बांधून दाखवलेली आहे.

आता विस्ताराच्या बाजूने जो सर्वांत मोठा व्यावहारिक मुद्दा आहे, तो सौंदर्याच्या चर्चेत कधी येतच नाही. जुन्या घराचा खरा शत्रू पाणी आहे. तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या, त्यावर मातीचा थर, भिंतीत मातीच्या गाऱ्यात रचलेल्या विटा, वर चुन्याचा गिलावा, या साऱ्या रचनेला रोजचे मोरीचे आणि संडासाचे पाणी वरच्या मजल्यावर सोसत नाही. पूर्वी ते तिथे नव्हतेच. न्हाणीघर तळाशी आणि शौचकूप परसात असे. आजच्या कुटुंबाला वरच्या मजल्यावर दोन संडास, वॉशिंग मशीन आणि स्वयंपाकघरात नळ लागतो, आणि तो मागणे हा काही गुन्हा नव्हे. मग नळ आणि मलवाहिनी जुन्या भिंतीतून फिरवायच्या, की मागे एक वेगळा अरुंद कप्पा बांधून सारे ओले काम, विजेच्या ताराही आणि लिफ्टही त्यात घालायची? दुसऱ्या पर्यायात जुने घर कोरडे राहते आणि त्याच्या कडीपाटाला एकही भोक पडत नाही. वाड्यातला जिना बहुधा भिंतीच्या जाडीत बसवलेला, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा असतो. सत्तरी ओलांडलेल्या आजी एकदा वर गेल्या की खाली उतरत नाहीत, किंवा मग कायमच्या खाली राहतात. चौकात लिफ्ट घुसवणे हा चौकाचा खून आहे. नवी जोड असेल तर लिफ्ट तिच्यात जाते. म्हणजे नीट केलेला विस्तार जुन्याचे ओझे स्वतःकडे घेतो. तो जुन्यावर लादलेला नसतो.

पण हे सारे साधते की बिघडते ते सांध्यावर. वाड्याचा लाकडी सांगाडा हलता असतो. उन्हाळ्यात आकसतो, पावसाळ्यात फुगतो, वजन बदलले की थोडा कलतो आणि पुन्हा सावरतो. आरसीसी ताठ असते. दोघांना एकमेकांत गुंतवले की भेग पडणार, आणि ती भेग नव्याला पडत नाही, जुन्याला पडते. म्हणून नव्याला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया हवा, आणि तो पाया जुन्या जोत्याला खेटून खोदता कामा नये. विशेषतः खाली काळी माती असेल तर जुन्या पायाशेजारी चर काढणे म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन काढून घेणेच आहे. दोन्हींच्या मधे मोकळी फट ठेवावी, तिच्यावर हलके छप्पर घ्यावे, आणि जुन्या कौलांचे पाणी नव्या गच्चीवर व नव्याचे जुन्या भिंतीवर न उतरता मधल्या पन्हळीतून खाली जाईल अशी सोय करावी. जुन्या भिंतीच्या ज्या बाजूला नवी खोली येते तिथे सिमेंटचा गिलावा कधीही करू नये, कारण चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती आत कोंडते. तुळईचे टोक सिमेंटमध्ये बंद झाले की ते आतल्या आत कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. परवानगी देणाऱ्यांनी दर्शनी भागाच्या रंगाविषयी जितकी चर्चा होते तितकी या एका सांध्याविषयी करावी. सांध्याचा मोठ्या प्रमाणातला छेद-नकाशा नसलेला कोणताही प्रस्ताव, मग तो कितीही देखणा असो, परत पाठवावा.

आक्षेप आहेत आणि त्यांतला एक पूर्णपणे रास्त आहे. आधुनिक म्हणताच काही वास्तुविशारदांच्या अंगात येते आणि जुने घर हे त्यांच्या नव्या शिल्पाचा चौथरा होऊन बसते. पश्चिमेकडे तोंड करून बसवलेली, पडदा न लावता चैत्रात पाय ठेवता येणार नाही अशी काचेची पेटी ही ‘आजच्या काळाची खूण’ नव्हे. ती आजच्या काळातली चूक आहे. आधुनिक जोड विटांची, उघड्या दगडाची, लाकडी पट्ट्यांची असू शकते, तिला ओसरीसारखी सावली असू शकते आणि तिची उंची जुन्याच्या वळचणीखाली राहू शकते. मी तर म्हणेन की जोडीचे तळक्षेत्र जुन्या घराच्या तळक्षेत्राच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावे, ती रस्त्यावरून पुढे येऊन दिसू नये आणि तिच्यासाठी जुन्याचा एकही भार वाहणारा खांब हलवू नये. गोव्यात जुन्या घराच्या परसात घराहून मोठा खोल्यांचा गाळा उभा राहतो आणि मूळ घर त्याचे स्वागतकक्ष होऊन बसते, तेव्हा त्याला विस्तार म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. कोण कोणाची जोड आहे, हे आकारानेच ठरते.

हीच कसोटी मनोऱ्यालाही लावावी. मुंबईसारख्या शहरात जुन्या इमारतीची पुढची भिंत ठेवून बाकी सारे पाडायचे आणि तिच्यामागे वीस मजले चढवायचे, याला ‘वारसा जपला’ म्हणण्याची पद्धत पडत चालली आहे. माझी साधी परीक्षा अशी: मनातल्या मनात नवे बांधकाम काढून टाका. उरले ते घर असेल, त्यात माणूस राहू शकेल, तर तो विस्तार होता. उरली ती नुसती भिंत असेल, तर तो मुखवटा होता आणि त्याला परवानगी देणाऱ्यांनी वास्तू पाडायलाच परवानगी दिली होती. गिरगावातली खोताची वाडी पाहिली की हा फरक डोळ्यांत भरतो. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि पुढची पडवी असलेली साठाहून अधिक घरे तिथे एकेकाळी होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. जी गेली त्यांच्या जागी कोणी एक खण वाढवला नाही. तिथे मनोरे आले. मागे एक खोली आणि एक संडास वाढवण्याची सोपी, सन्मान्य वाट मालकांना वेळीच मिळाली असती तर त्यांतली किती घरे वाचली असती हे कोणी सांगू शकणार नाही, पण विकून टाकण्याच्या मोहाला एक उत्तर तरी त्यांच्यापाशी असते.

सरसकट बंदीने काय होते याचा नमुनाही आपल्या समोर आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी पक्की झाली. त्यापुढच्या २०० मीटरांत नियंत्रण आले. हेतू चांगला होता. पण शनिवारवाड्याभोवतालच्या दाट वस्तीत या रेघेच्या आत जी जुनी घरे सापडली, त्यांना दुरुस्तीपलीकडे काही करता येईना, आणि ज्या घराला भविष्य नाही त्याच्या दुरुस्तीवर कोणी मनापासून पैसे घालत नाही. हा यादीच्या नियमाहून वेगळा कायदा आहे हे खरे, पण मालकाच्या मनावर दोहोंचा परिणाम सारखाच होतो: ‘वारसा’ हा शब्द ऐकला की तो दचकतो आणि आपले घर यादीत येऊ नये म्हणून खटपट करतो.

पैशाची बाजू थोडक्यात सांगून टाकतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेली भाडी १९९९ च्या कायद्यानंतरही जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत नाममात्रच राहिली, त्यामुळे महिन्याला हातात येणाऱ्या रकमेत एक कौलदेखील बदलत नाही अशी अनेक वाडामालकांची स्थिती आहे. यादीतील वास्तूमुळे चटईक्षेत्राचा हक्क बुडाला तर त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद मुंबईच्या नियमात सुरुवातीपासून आहे. ती चांगली आहे, पण तो टीडीआर विकून आलेला पैसा त्याच घराच्या डागडुजीत गेला पाहिजे अशी काटेकोर देखरेख त्याबरोबर हवी. भाडे देणारी एखादी नवी खोली, मागच्या जोडीत असलेले एखादे लहान कार्यालय, हे मला अनुदानापेक्षा भरवशाचे वाटते.

वारसा समित्यांकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. नकाशे पूर्ण होण्याआधी मालकाला आणि त्याच्या वास्तुविशारदाला एकदा भेटून काय चालेल आणि काय नाही हे तोंडी का होईना सांगावे. निर्णयाला मुदत असावी. होकार असो वा नकार, त्याची कारणे नकाशासह सर्वांना पाहता येतील अशी प्रसिद्ध करावीत, म्हणजे ‘सुसंवाद’ या शब्दाचा अर्थ दर खेपेला नव्याने लागणार नाही आणि काही वर्षांत त्याचा एक स्थानिक शिरस्ता तयार होईल. काम संपल्याचा दाखला मात्र बांधकाम झाल्याबरोबर देऊ नये. एक पावसाळा जाऊ द्यावा. भाद्रपदाच्या अखेरीस समितीच्या एका सदस्याने जाऊन त्या फटीपाशी, त्या पन्हळीखाली उभे राहावे, जुन्या भिंतीला हात लावून ती कोरडी आहे की नाही हे पाहावे आणि मग सही करावी.